हरित हायड्रोजनसाठी स्वस्त उत्प्रेरक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘प्लॅटिनमला स्वस्त पर्याय सापडला’, ‘आता पाण्यातून मातीमोल दराने हायड्रोजन’ अशा बातम्या अधूनमधून झळकतात आणि वर्षभरात विसरल्याही जातात. सौर-पवनसारख्या विजेने पाणी फोडून काढलेल्या, म्हणजेच हरित, हायड्रोजनबद्दलच्या या बातम्या खोट्या असतात असं नाही. पण स्वस्त म्हणजे कशाच्या मानाने स्वस्त, याचा खुलासा त्यांत क्वचितच असतो. खालच्या प्रश्नोत्तरांत मुख्यतः तोच हिशेब आहे. शाळेतलं रसायनशास्त्र थोडंफार आठवत असेल तर पुरे.

नुसती वीज सोडली तरी पाण्यातून हायड्रोजन निघतोच. मग उत्प्रेरक कशाला हवा?

निघतो खरा. १८०० साली लंडनमध्ये विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी व्होल्टाच्या नव्या बॅटरीच्या तारा पाण्यात बुडवल्या आणि बुडबुडे उठले. त्यांनी कुठलाही खास उत्प्रेरक वापरला नव्हता. अडचण आहे ती किती विजेत किती हायड्रोजन निघतो, ही.

२५ अंश सेल्सिअसला पाणी फोडायला निदान १.२३ व्होल्ट लागतात. बाहेरून उष्णता न घेता सगळं काम विजेनेच करायचं, तर १.४८. या आकड्यांत कोणताही उत्प्रेरक सवलत मिळवून देऊ शकत नाही, ते निसर्गनियमाने ठरलेले आहेत. मात्र तेवढ्यावर वायू निघतो तो नावापुरता. कारखान्याच्या वेगाने काढायचा तर १.८ ते २ व्होल्ट मोजावे लागतात आणि वरचा सगळा भाग उष्णता होऊन वाया जातो. उत्प्रेरकाचं काम हा वरचा भुर्दंड कमी करण्याचं.

भुर्दंड मोजायची एक सोपी किल्ली आहे, ती लक्षात ठेवा, पुढे लागेल. एक किलो हायड्रोजनसाठी दर व्होल्टमागे सुमारे २६.६ युनिट वीज खर्च होते. युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. त्या हिशेबाने १.४८ व्होल्टला ३९.४ युनिट, १.८ ला जवळपास ४८ आणि २ ला ५३. म्हणजे व्होल्टचा एक दशांश वाचला की किलोमागे पावणेतीन युनिट वाचले. पंप, वायू सुकवणं, एसीची डीसी करणं हे सगळं धरून आजचे प्रकल्प किलोला साधारण ५० ते ५५ युनिट खातात.

उत्प्रेरक नेमकं करतो काय?

पाण्यातल्या अणूंना आपल्या पृष्ठभागावर घडीभर थारा देतो. हायड्रोजनच्या बाजूला, म्हणजे ऋणाग्रावर, हायड्रोजनचा अणू आधी धातूला चिकटतो, मग दुसऱ्या अणूशी जोडी जमवून वायू होऊन सुटतो. पकड ढिली असली तर अणू चिकटतच नाही. फार घट्ट असली तर चिकटलेला सुटत नाही आणि जागा अडवून बसतो. पकड बेताची हवी, हे सूत्र फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिये यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं होतं. पुढे १९७२ मध्ये इटलीच्या सेर्जिओ त्रासाती यांनी निरनिराळे धातू घेऊन आडव्या अक्षावर हायड्रोजनची पकड आणि उभ्या अक्षावर वेग असा आलेख काढला. तो दोन्हीकडून चढत मध्ये टोक गाठतो, म्हणून त्याला ज्वालामुखी-आलेख म्हणतात. टोकाच्या आसपास प्लॅटिनम बसलेलं आहे. निकेल उतारावर आहे, पण पायथ्याशी नाही.

जास्त वीज हायड्रोजन काढण्यात जाते की ऑक्सिजन काढण्यात?

भुर्दंडाचा मोठा वाटा ऑक्सिजनच्या बाजूचा. आपल्याला हवा असतो हायड्रोजन, आणि पैसे जातात ते ऑक्सिजन सोडवण्यात. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, म्हणून थोडं सविस्तर.

हायड्रोजनचा एक रेणू बनायला दोन इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण पुरते आणि मध्ये एकच थांबा असतो. ऑक्सिजनच्या रेणूला चार इलेक्ट्रॉन लागतात आणि वाटेत तीन थांबे येतात : आधी पृष्ठभागाला चिकटलेला हायड्रॉक्सिल, मग सुटा ऑक्सिजन, मग ऑक्सिजन-ऑक्सिजन-हायड्रोजन असा तिघांचा गट. आदर्श उत्प्रेरकावर या चारही पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात, प्रत्येकी १.२३ व्होल्टच्या.

पण हे थांबे एकमेकांना बांधलेले आहेत. पहिला आणि तिसरा, दोन्ही एकाच ऑक्सिजन अणूने पृष्ठभागाला धरून असतात. त्यामुळे पृष्ठभाग बदलून एकाची पकड वाढवली की दुसऱ्याचीही तेवढीच वाढते. दोघांतलं ऊर्जेचं अंतर, धातू कोणताही घ्या, सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट राहतं. हवं असतं २.४६, म्हणजे १.२३ च्या दोन पायऱ्या. हा फरक दोन पायऱ्यांत वाटला जातो आणि साध्या सपाट पृष्ठभागावर ०.३ ते ०.४ व्होल्टचा भुर्दंड जवळजवळ अटळ ठरतो. वरच्या किल्लीने किलोमागे ८ ते १० युनिट. म्हणून ऑक्सिजनच्या बाजूचं बरंचसं संशोधन हे बंधन तोडायची वाट शोधण्याचं असतं : पृष्ठभागावर शेजारीशेजारी दोन वेगळ्या धातूंचे अणू ठेवणं, किंवा उत्प्रेरकाच्या स्फटिकातलाच ऑक्सिजन अभिक्रियेत ओढणं. दुसऱ्या वाटेने वेग मिळतो, पण स्फटिकच झिजायला लागतो.

महाग धातू कोणते, आणि ते कुठे लागतात?

आम्लधर्मी पडद्याच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये, म्हणजे विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्रात. त्याला पीईएम म्हणतात. यात धनाग्रावर, म्हणजे ऑक्सिजनच्या बाजूला, इरिडियमचं ऑक्साइड आणि ऋणाग्रावर प्लॅटिनम असतं. प्लॅटिनमची मोठी चिंता नाही. वर्षाला दीडशे टनांहून अधिक प्लॅटिनम खाणींतून निघतं आणि ऋणाग्रावर ते थोडंसंच पुरतं. गाडी अडते ती इरिडियमपाशी. त्याचं जगभराचं वार्षिक उत्पादन सात-आठ टनांच्या घरात आहे. त्यातला बहुतेक भाग दक्षिण आफ्रिकेतून येतो आणि तोही प्लॅटिनमच्या खाणकामात मिळणारा उपपदार्थ म्हणून. मागणी वाढली म्हणून कुणी इरिडियमची नवी खाण उघडू शकत नाही.

आजच्या बांधणीत एका गिगावॅट क्षमतेच्या पीईएम इलेक्ट्रोलायझरना अंदाजे ४०० किलो इरिडियम लागतं. वर्षाचं सगळं उत्पादन यालाच दिलं, स्पार्क प्लग, स्फटिक वाढवायच्या मुशी, क्लोरीनच्या कारखान्यांतले इलेक्ट्रोड यांना काहीच ठेवलं नाही, तरी वर्षाला १८-२० गिगावॅटपलीकडे जाता येत नाही.

आता हाच आकडा उलट्या बाजूने बघा. एका किलोवॅटमागे ०.४ ग्रॅम इरिडियम. यंत्र ६०,००० तास चाललं तर त्या एका किलोवॅटमधून ११००-११५० किलो हायड्रोजन निघतो. म्हणजे किलोमागे एक मिलिग्रॅमचा तिसरा हिस्सा इरिडियम. धातू फार महाग असला तरी एवढ्याशा कणाची किंमत त्याच किलोमागच्या ५० युनिट विजेपुढे किरकोळ आहे. तेव्हा ‘इरिडियम महाग आहे’ ही तक्रार अर्धीच खरी. खरी अडचण ते पुरेसं नाही, ही आहे. अनेक बातम्या नेमकी इथेच गल्लत करतात.

निकेल तर स्वस्त आणि मुबलक आहे. मग ते का वापरत नाहीत?

वापरतात की! शंभर वर्षांपासून वापरतात. नॉर्वेत र्‍युकान इथे नॉर्स्क हायड्रो कंपनीने १९२०च्या दशकाच्या अखेरीस जलविद्युतवर असे इलेक्ट्रोलायझर चालवून खतासाठी हायड्रोजन काढायला सुरुवात केली. त्यात मौल्यवान धातू नव्हते. हे अल्कली इलेक्ट्रोलायझर : पाण्यात २०-३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, तापमान ७० ते ९० अंश, दोन्ही बाजूंना निकेल किंवा निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद, मध्ये सच्छिद्र पडदा. हा पडदा पूर्वी ॲसबेस्टॉसचा असे, आता झिर्कोनियाचे कण घातलेल्या प्लॅस्टिकचा असतो.

म्हणजे ‘स्वस्त उत्प्रेरक सापडला’ या बातमीला पहिलं प्रत्युत्तर हेच की तो कधीचा सापडलेला आहे. मग आम्लाच्या वाटेला जायचं कशाला? त्यामागे उत्प्रेरकापेक्षा पडद्याचं कारण आहे. १९६०च्या दशकात प्रोटॉन आरपार नेणारे पातळ प्लॅस्टिकचे पडदे तयार झाले आणि अंतराळयानांच्या कामासाठी त्यांच्यावर पीईएम यंत्रं बांधली गेली. पडदा पातळ, म्हणून तेवढ्याच जागेत कित्येक पट विद्युतप्रवाह मावतो. अल्कली यंत्र साधारणपणे चौरस सेंटीमीटरला ०.२ ते ०.५ अँपिअरवर चालतं, पीईएम १ ते २ वर किंवा त्याहूनही वर. शिवाय वारा पडला, ढग आले की पीईएम झटकन मंदावतं आणि झटकन वेग घेतं. अल्कली यंत्र फार मंद चालवलं तर सच्छिद्र पडद्यातून हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये मिसळत जातो आणि स्फोटाच्या मर्यादेजवळ पोचायच्या आत यंत्र बंद करावं लागतं. बंद केल्यावर काही वेळ उलटा प्रवाह वाहतो, त्यात ऋणाग्रावरचं निकेल खराब होतं. सतत मिळणाऱ्या जलविद्युतवर हे दोष खपून जात. सौर आणि पवन विजेवर ते उघडे पडतात.

आणि पीईएममध्ये निकेल चालत नाही, कारण पडदा स्वतःच तीव्र आम्ल आहे. आम्लात, त्यातही धनाग्राच्या व्होल्टेजवर, निकेल, लोह, कोबाल्ट विरघळून जातात. विरघळलेले आयन पडद्यात शिरून त्याची वाहकताही मारतात. तिथे टिकाव धरणारा धातू म्हणून इरिडियम.

निकेल-लोहाची एवढी चर्चा का होते?

कारण ही जोडी अल्कलीत ऑक्सिजन काढण्यात फार तरबेज आहे, आणि ती हाती कशी लागली हे ऐकण्यासारखं आहे.

निकेल हायड्रॉक्साइड हा ऑक्सिजनसाठी चांगला उत्प्रेरक आहे, असं कित्येक दशकं मानलं जात होतं. १९८७ मध्ये डेनिस कॉरिगन यांनी दाखवलं की द्रावणात लोहाचा अगदी नगण्य अंश असला तरी निकेलचा वेग कमालीचा वाढतो. २०१४ मध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या शॅनन बोएचर यांच्या गटाने पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधलं लोह काळजीपूर्वक काढून टाकलं आणि मग मोजलं. शुद्ध निकेलची कामगिरी सुमार निघाली! म्हणजे एवढी वर्षं ज्याचं श्रेय निकेलला दिलं जात होतं ते बाटलीतल्या अशुद्धीचं होतं. अनेक जुन्या शोधनिबंधांतले आकडे त्यामुळे पुन्हा तपासावे लागले. दरम्यान २०१३ मध्ये स्टॅनफर्डमधल्या होंगजिए दाई यांच्या गटाने निकेल-लोहाचे थर असलेले हायड्रॉक्साइड कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांवर वाढवून अल्कलीत इरिडियमलाही मागे टाकलं होतं.

काम नेमकं लोहाचा अणू करतो की त्याच्या शेजारचा निकेल, यावर अजून एकमत नाही. मला यातलं विशेष वाटतं ते हे की इथे स्वस्त धातूने महाग धातूला उघडउघड हरवलं आहे. फक्त आखाडा अल्कलीचा आहे.

हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनमऐवजी काय वापरता येतं?

बरंच काही. मोलिब्डेनम सल्फाइडचं उदाहरण गाजलेलं आहे. पेट्रोलियम शुद्धीकरणात गंधक काढायला हा पदार्थ आधीपासून वापरात होता. २००५ मध्ये संगणकीय गणिताने सुचवलं की त्याच्या पापुद्र्यांच्या कडांवर हायड्रोजनची पकड प्लॅटिनमच्या जवळपास असावी. २००७ मध्ये थॉमस हारामियो आणि सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवलं की क्षेत्रफळ कितीही असो, वेग कडांच्या लांबीवर ठरतो. त्यानंतर कडा वाढवण्याची स्पर्धाच लागली. २०१३ मध्ये निकेल फॉस्फाइड आलं, पाठोपाठ कोबाल्ट फॉस्फाइड. अल्कली कारखान्यांत रेनी निकेल आणि निकेल-मोलिब्डेनम केव्हापासून आहेत. रेनी निकेल म्हणजे निकेल आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू करून अल्कलीने ॲल्युमिनियम खाऊन टाकायचं, मागे उरतं ते स्पंजासारखं सच्छिद्र निकेल. १९२०च्या दशकातली ही कृती अजून चालते.

तरी एक मत स्पष्ट सांगतो : ‘प्लॅटिनमला पर्याय’ या बातमीला जेवढी प्रसिद्धी मिळते तेवढं तिचं व्यावहारिक मोल नाही. आम्लात प्लॅटिनम इतकं वेगवान आहे की ते कमीतकमी वापरणं हाच सोपा उपाय. अल्कलीत प्लॅटिनमचा स्वतःचाच वेग शंभरेक पटींनी पडतो, तिथे निकेलचे मिश्रधातू आधीच बसलेले आहेत.

नव्या उत्प्रेरकाची बातमी वाचताना काय तपासावं?

सगळ्यात आधी विद्युतप्रवाह. बहुतेक शोधनिबंध चौरस सेंटीमीटरला १० मिलीअँपिअरवर किती अतिरिक्त व्होल्टेज, म्हणजे किती भुर्दंड, लागलं ते सांगतात. हा मापदंड सूर्यप्रकाशावर थेट पाणी फोडणाऱ्या उपकरणांच्या संशोधनातून आला. सुमारे दहा टक्के कार्यक्षमतेचं उपकरण तेवढाच प्रवाह देतं. कारखान्यातला प्रवाह याच्या २० ते २०० पट. तेवढ्या वेगाला बुडबुड्यांचा थर पृष्ठभाग झाकतो, पाणी पुरेसं पोचत नाही, चिकटवलेली भुकटी सुटून येते. दहा मिलीअँपिअरवरचा विजेता तिथे हमखास जिंकेलच असं नाही.

मग तास. कारखान्यातली यंत्रं ६०,००० ते ८०,००० तास चालावीत अशी अपेक्षा असते, म्हणजे न थांबता सात ते नऊ वर्षं. निबंधातली चाचणी बऱ्याचदा काही दहा किंवा शंभर तासांची. घसरण छोटी दिसली तरी तिचा गुणाकार करून बघा. तासाला पाच मायक्रोव्होल्ट, म्हणजे शंभर तासांच्या आलेखावर दिसणारही नाही इतकी. ६०,००० तासांत ती ०.३ व्होल्ट होते आणि किलोमागे आठ युनिट जादा मागते. नव्या उत्प्रेरकाने सुरुवातीला जे वाचवलं असेल ते सगळं यात बुडू शकतं. त्यामुळे मी कुठलाही निबंध उघडला की आधी टिकाऊपणाचा आलेख शोधतो. तो पुरवणीत मागे कुठेतरी ढकललेला असेल तर त्यातूनही बरंच कळतं.

क्षेत्रफळाची हातचलाखी वेगळीच. निकेलच्या फेसासारख्या जाळीवर भरपूर भुकटी लादली की भौमितिक क्षेत्रफळामागे आकडा भव्य दिसतो. ही फसवणूक नव्हे, कारखान्याला तसंच हवं असतं. पण त्यावरून पदार्थ चपळ आहे असं ठरत नाही. तसंच द्रावणाच्या रोधामुळे गेलेलं व्होल्टेज गणिताने वजा केलं आहे का तेही बघावं. खऱ्या यंत्रात ते वजा होत नाही, त्याचं बिल येतं.

आणि एक मजेशीर सापळा. हायड्रोजनच्या उत्प्रेरकाची चाचणी घेताना समोरचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा ठेवला, तर त्यातलं प्लॅटिनम सूक्ष्म प्रमाणात विरघळून चाचणीच्या नमुन्यावर येऊन बसतं. मग ‘प्लॅटिनमविना’ असलेला उत्प्रेरक तासागणिक सुधारत जातो. वापरून वापरून चांगला होणारा उत्प्रेरक दिसला की समोर काय लावलं होतं ते विचारावं. कार्बनचा इलेक्ट्रोड असेल तर निदान ही शंका उरत नाही.

आम्लात टिकणारा स्वस्त उत्प्रेरक मिळेल का?

अवघड आहे, पण हालचाल आहे. २०२४ मध्ये बार्सिलोनाजवळच्या आयसीएफओ संस्थेतल्या संशोधकांनी कोबाल्ट-टंगस्टन ऑक्साइडमधून टंगस्टनचा काही भाग काढून त्या पोकळ्यांत पाणी आणि हायड्रॉक्साइड बसवलं. हे भरण कोबाल्टला विरघळण्यापासून वाचवतं. पीईएम यंत्रात चौरस सेंटीमीटरला एक अँपिअरवर ते ६०० तासांहून अधिक चाललं. इरिडियमविना हे यश मोठं आहे. पण ६०० तास म्हणजे पंचवीस दिवस.

मँगनीजकडेही सगळे आशेने बघतात, कारण झाडं त्याच धातूने पाणी फोडतात. पानांतल्या प्रकाशसंश्लेषणाच्या केंद्रात चार मँगनीज आणि एक कॅल्शियम यांचा पुंजका असतो. त्याची अचूक रचना २०११ मध्ये जपानी संशोधकांनी क्ष-किरणांनी टिपली. मात्र निसर्गाचा दाखला देताना एक गोष्ट सांगायची राहून जाते : तो पुंजका ज्या प्रथिनात बसतो ते प्रखर उजेडात अर्ध्या तासाच्या आसपास निकामी होतं आणि पेशी ते काढून नवं बसवते. झाडाचा उत्प्रेरक टिकाऊ नाही, त्याची डागडुजी अखंड चालू असते. २००८ मध्ये एमआयटीतले मॅथ्यू कॅनन आणि डॅनियल नोसेरा यांनी द्रावणातून स्वतःच पुन्हा जमणारा कोबाल्ट-फॉस्फेट उत्प्रेरक बनवला, त्यात हेच तत्त्व होतं. पण तो साधारण उदासीन पाण्यात चालतो, पीईएमच्या आम्लात नाही.

रुथेनियम इरिडियमपेक्षा चपळ आणि मुबलक आहे. त्याचं दुखणं असं की धनाग्रावर त्याचं बाष्पशील ऑक्साइड बनून ते निघून जातं. ते रोखायचे प्रयत्न चालू आहेत.

माझ्या मते नजीकच्या काळात खरा फरक पडेल तो इरिडियम काटकसरीने वापरण्याने. चौरस सेंटीमीटरला एक-दोन मिलिग्रॅमची जुनी सवय मोडून ०.२-०.३ वर यायचं आणि जुन्या यंत्रांतलं परत मिळवायचं. जपानच्या रिकेन संस्थेने २०२४ मध्ये मँगनीज ऑक्साइडवर इरिडियमचे सुटेसुटे अणू पसरवून इरिडियमची गरज ९५ टक्क्यांच्या आसपास घटवल्याचं दाखवलं. वर काढलेली १८-२० गिगावॅटची मर्यादा अशाने कित्येक पटींनी वर सरकते. पूर्ण पर्याय नसला तरी कोंडी फुटते.

एईएम म्हणजे काय? त्याने प्रश्न सुटतो का?

पातळ पडदाही हवा आणि निकेल-लोहही हवं, या हट्टातून जन्मलेली तिसरी जात. यात पडद्यातून प्रोटॉनऐवजी हायड्रॉक्साइड आयन जातात, म्हणून आतलं वातावरण अल्कलीचं राहतं. इरिडियम नको, पीईएममध्ये लागणाऱ्या टायटेनियमच्या महागड्या प्लेटाही नकोत. अडचण पडद्याचीच : ज्या रासायनिक गटांवर तो हायड्रॉक्साइड वाहून नेतो, त्यांच्यावर तेच हायड्रॉक्साइड हल्ला करतं. शुद्ध पाण्यावर चालवलं की उत्प्रेरकाला पडद्याशी बांधणारं चिकट द्रव्यही धनाग्रावर जळतं, म्हणून बहुतेक यंत्रांत पातळ अल्कली फिरवतात. बाजारात अशी यंत्रं आहेत. इथे अडलंय ते पॉलिमरवाल्यांच्या हातात, उत्प्रेरकवाल्यांच्या नाही.

समुद्राचं पाणी थेट वापरणारे उत्प्रेरक आले तर केवढं स्वस्त पडेल!

फारसं नाही. एक किलो हायड्रोजनला रसायनशास्त्राच्या हिशेबाने नऊ लिटर पाणी लागतं. उलट परासरणाने (आरओने) हजार लिटर समुद्राचं पाणी गोडं करायला तीन-चार युनिट लागतात. म्हणजे किलोमागे ०.०४ युनिटही नाही, तेही ५० युनिटांच्या पुढ्यात. ते वाचवण्यासाठी क्लोरीन, गंज आणि ऋणाग्रावर साचणारे मॅग्नेशियम-कॅल्शियमचे क्षार यांच्याशी वर्षानुवर्षं झगडायचं, हा व्यवहार मला पटत नाही. शास्त्रीय कोडं म्हणून विषय सुरेख आहे.

सूर्यप्रकाशात नुसती भुकटी ठेवून हायड्रोजन मिळतो म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये टायटेनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाणी फोडलं तेव्हापासून ही वाट खुली आहे. जपानमध्ये काझुनारी दोमेन यांच्या गटाने १०० चौरस मीटरचं प्रकाशउत्प्रेरक पॅनेल उभारून २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. कार्यक्षमता जास्तीत जास्त ०.७६ टक्के. शिवाय वायू मिश्रण होऊन बाहेर पडतात, ते वेगळे करावे लागतात. सौर पॅनेल आणि इलेक्ट्रोलायझर ही जोडी आज कितीतरी पुढे आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने नवा उत्प्रेरक लवकर सापडेल?

शोधाची पहिली चाळणी जलद होईल. ओपन कॅटॅलिस्ट हा प्रकल्प २०२० पासून पृष्ठभागावरच्या पकडीच्या गणितांचा प्रचंड साठा सर्वांसाठी खुला करतो आहे, आणि त्यावर शिकवलेली मॉडेलं एरवी तासन्‌तास चालणारा हिशेब क्षणात देतात. पण पकड कळली म्हणजे टिकाऊपणा कळला असं नाही. आम्लात पाच वर्षांनी काय उरेल, हे पकडीच्या आकड्यात लिहिलेलं नसतं.

उत्प्रेरक उद्या फुकट मिळाला तर हायड्रोजन किती स्वस्त होईल?

निव्वळ धातूचे पैसे वाचल्याने थोडासाच. खर्चाचा सर्वांत मोठा वाटा विजेचा असतो. विजेचा दर जो असेल त्याला ५० ने गुणा, किलोचा मूळ भाव तिथून सुरू होतो. त्यावर यंत्राची किंमत, आणि यंत्र दिवसातून किती तास चालतं त्यावर ती किती किलोंत वाटली जाते, हे चढतं. उत्प्रेरक या हिशेबात आपल्या किमतीतून फारसा दिसत नाही, तो दिसतो परिणामातून : व्होल्टेज ०.१ ने उतरवलं, तेवढ्याच आकाराच्या यंत्रातून दुप्पट प्रवाह नेता आला, बदलीची वेळ सात वर्षांवरून बारावर गेली, किंवा टायटेनियमऐवजी साधं पोलाद चाललं, तर. महाग धातूचा, पण ही चार कामं करणारा उत्प्रेरक कारखानदार आनंदाने घेईल. फुकटातला पण तासाला दहा मायक्रोव्होल्ट घसरणारा घेणार नाही.

घरी प्रयोग करून बघता येईल का?

नऊ व्होल्टची बॅटरी, पेन्सिलीतली शिसं आणि खाण्याच्या सोड्याचं पातळ द्रावण घेऊन बुडबुडे बघता येतात. ऋणाग्रावर हायड्रोजनचे बुडबुडे ठळकपणे जास्त दिसतील, ऑक्सिजनच्या जवळपास दुप्पट. सोड्याऐवजी मीठ घालू नका, धनाग्रावर क्लोरीन वायू निघतो. स्टेनलेस स्टीलचा चमचा धनाग्र म्हणून लावू नका, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात द्रावणात उतरू शकतं. खिडकी उघडी ठेवा आणि वायू साठवू नका : हवेत हायड्रोजन ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात असला तरी पेट घेतो.